वरच्या अंगाची रेती

चिखलीच्या कचेरीत उकंडरावांचं नाव कोणी मोठ्यानं वाचलं, की बाबू लोक कागदात तोंड घालून हसत. नाव पडलं त्याला कारण होतं. त्यांच्या आईची आधीची लेकरं जगली नव्हती. म्हणून हे जन्मले तसं सुईणीनं त्यांना सुपात घालून घरामागच्या उकिरड्यावर ठेवलं, आणि शेजारणीनं "अगं बाई, कोणाचं लेकरू पडलं इथं" म्हणत उचलून परत आईच्या पदरात टाकलं. टाकून दिलेल्या पोराकडे यम पाहत नाही, असा त्या भागातल्या बायांचा विश्वास. पोर जगलं, आणि उकंडा, म्हणजे उकिरडा, हे नाव जन्माला चिकटलं. पुढे गावानं त्यांना सरपंच केलं, तरी त्यांना त्या नावाची कधी लाज वाटली नाही. ते म्हणत, "मी उकिरड्यावरून उचलेल माणूस हावो. मले कोन कुठं फेकीन?"

त्यांचं गाव खैरखेडी. अमडापूरच्या पुढे, नदीच्या वळणात वसलेलं. नदी म्हणायची ती आपली रीत. दिवाळीपर्यंत वाहायची, संक्रांतीला डबकी उरायची आणि शिमग्याला नुसती पांढरी रेती. पण त्या कोरड्या रेतीच्या पोटातच गावाचा उन्हाळा होता. गावातल्या विहिरीचं पाणी मचूळ. अंघोळीला, ढोरांना ठीक, पण त्यात तुरीची डाळ सकाळपासून दुपारपर्यंत उकळली तरी दाणा न दाणा वेगळाच राहायचा. प्यायला आणि रांधायला पाणी झिऱ्याचं.

शिमगा झाला की बाया नदीच्या पात्रात ठरलेल्या जागी जात. गावातली वडीलधारी सवाष्ण रेतीवर हळदीकुंकू वाही, मग सगळ्याजणी हातानं रेती उकरत. कोपरभर खोल गेलं की ओल लागे, आणखी थोडं गेलं की खड्ड्यात पाणी पाझरू लागे. कडा ढासळू नये म्हणून बूड काढलेली टोपली खड्ड्यात बसवायची, आणि करवंटीनं घागर भरायची. भरल्या वैशाखात ते पाणी दातांना गार लागे.

घरं बांधायलाही रेती लागेच. तिचा गावात एक कायदा होता आणि तो कोणी लिहिलेला नव्हता. झिऱ्याच्या खालच्या अंगाची रेती न्यायची, वरच्या अंगाला हात लावायचा नाही. का, ते विचारलं तर कोणी म्हणे वर उंबराखाली आसरा, पाण्यातल्या देवी, आहेत, त्यांना चाकाचा आवाज खपत नाही. कोणी म्हणे वाडवडिलांनी सांगितलं. फार पूर्वी एकदाच हा कायदा मोडला होता, मारुतीचं देऊळ बांधलं तेव्हा. देवाचं काम म्हणून आसरांना नारळ फोडून वरच्या अंगाची रेती नेली होती, आणि काहीही वाईट झालं नव्हतं. ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती. पुढे ज्या चुकीनं उकंडरावांचा जीव पोखरला, ती चूक याच गोष्टीतून निघाली.

उकंडरावांना एकच मुलगी होती, कोकिळा. तिच्या पाठीवर त्यांच्या बायकोला, वच्छलाबाईंना, दिवस राहत आणि जात. या पोरीला वाचायचं वेड होतं. किराण्याच्या पुड्याचा कागदही ती उलगडून, पाठपोट वाचून, मगच चुलीत घाली. देवळाच्या ओसरीत चौथीपर्यंतची शाळा होती. पुढे शिकायचं तर अमडापूर. पोरं चालत जात, पोरींच्या हातात झाडू येई. नवी जिल्हा परिषद झाली तसे उकंडराव सभापतींच्या मागे लागले. हेलपाटे घालून घालून त्यांनी गावाला सातवीपर्यंतचे वर्ग मिळवले, पण अटीवर. वर्ग फार दिवस ओसरीत चालणार नाहीत, इमारत पाहिजे. सिमेंट, टिनं, लाकूड सरकार देईल. दगड, रेती आणि अंगमेहनत गावाची. पावसाळ्याच्या आत इमारत उभी राहिली नाही तर वरचे वर्ग अमडापूरच्या शाळेत जातील.

कोकिळा तेव्हा सहावीत होती. वर्ग गेले म्हणजे तिचं शिक्षण गेलं, हे घरात कोणी बोलत नव्हतं आणि सगळ्यांना कळत होतं. एका संध्याकाळी जेवताना उकंडरावांनी तिला सांगून टाकलं होतं, "तू सातवीची फायनल पास हो, मी तुले चिखलीच्या हायस्कूलात घालतो." वच्छलाबाई भाकरी थापता थापता थांबल्या होत्या. त्या काळात त्या गावात एवढं बोलणं म्हणजे फार होतं.

पाया खणून झाला. अमडापूरचा जब्बार मिस्त्री आला, चुन्याची घाणी मांडली, तिच्याभोवती बैल फिरू लागला. गावानं खालच्या अंगाची रेती आणून ढीग घातला. मग ओव्हरसियर साहेब आले. तरुण माणूस, कामाला चोख. त्यांनी काचेचा ग्लास मागवला, त्यात मूठभर रेती टाकली, पाणी ओतलं, हलवून ओट्यावर ठेवला आणि चहा प्यायले. चहा होईपर्यंत ग्लासात रेती खाली बसली होती आणि तिच्यावर बोटभर चिखल.

"ही चालायची नाही, सरपंच," ते म्हणाले. "हिच्यात भिंत बांधली तर पोरांच्या अंगावर येईल."

चूक त्यांची नव्हती. खालच्या अंगाला ढोरं बसत, गावाचं सांडपाणी तिकडेच जाई. साहेबांनी नदीवर चक्कर मारली, उंबरापाशी थांबले, वरच्या अंगाची रेती तळहातावर घेऊन चोळली. साखरेसारखी रेती. ग्लासात टाकली तर पाणी जसंच्या तसं. "ही घ्या," ते म्हणाले आणि सायकलवर बसून गेले.

त्या दिवशी देवळापुढे गाव बसलं. बोलणं फार झालं नाही. दुसरी नदी दूर, दिवस थोडे. पुंजाजी म्हणून उकंडरावांचे जोडीदार होते, लहानपणापासूनचे, जिभेनं तिखट. त्यांनीच देवळाची आठवण काढली. देवळाले चालली तर शाळेले काऊन नाई, शाळा म्हंजे देऊळच, असं ते म्हणाले आणि सगळ्यांच्या माना हलल्या. उकंडरावांची तर पहिली हलली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः आसरांपुढे नारळ फोडला. वच्छलाबाईंनी ओटी भरली. मग पहिली गाडी वरच्या अंगाला उतरली.

देऊळ लहान होतं आणि रेती लागली होती मोजकी. शाळा म्हणजे तीन खोल्या आणि पडवी. पण खरी गोष्ट तीही नव्हती. एकेका घरानं एकेक गाडी घालायची असं ठरलं होतं. पहिल्यानं एक घातली तर दुसऱ्यानं दोन घातल्या. ज्याच्या घरी पोर शाळेत नाही त्यानंही आपण मागे नको म्हणून घातल्या. ज्यांच्याकडे बैल नव्हते त्यांनी टोपल्यांनी वाहिली. बाया गाणी म्हणत रेती आणत. गाव असं एक झालेलं उकंडरावांनी आधी कधी पाहिलं नव्हतं. घाणीपाशी उभं राहून ते त्या गाड्या पाहत आणि त्यांचा ऊर भरून येई. पुरे, असं म्हणायचं काम त्यांचं होतं. त्यांनी म्हटलं नाही.

एक दिवस वरच्या अंगाला फावडं खण्णकन वाजलं. रेतीखालचा काळा खडक उघडा पडला होता. उकंडराव तिथेच होते. त्यांनी वाकून खडकावरून हात फिरवला. ओला होता, आणि उन्हात पाहता पाहता सुकला. क्षणभर त्यांच्या मनात काहीतरी हललं. मग त्यांना वाटलं, रेती नदीनंच आणली, नदीच आणील, पावसाळा तर तोंडावर आहे. त्यांनी गाडीवानाला थोडं बाजूला खणायला सांगितलं.

शाळा वेळेत उभी राहिली. जब्बार मिस्त्रीनं शेवटचा गिलावा घोटला आणि भिंतीवर थाप मारली. "सरपंच, अशी रेती म्या जिंदगीत नाई पाह्यली. ह्या भिंतीले तुमचे पणतू पाहतीन." सभापती आले, हार झाले. कोकिळेनं स्वागताचं पद म्हटलं आणि मध्येच अडखळली, तेव्हा बाया तोंडाला पदर लावून हसल्या. उरलेल्या रेतीचा ढीग शाळेच्या बाजूला तसाच राहिला. तो एवढा होता की पोरं त्याच्यावरून घसरगुंडी खेळत.

आणि त्या साली पाऊस पडला नाही.

अगदी पडलाच नाही असं नाही. ज्वारी हातभर वाढण्याइतका पडला, विहिरीच्या तळाला लागण्याइतका पडला. पण नदीला पूर आला नाही. एकदा गुडघाभर गढूळ पाणी आलं, खडकावरून सरकन निघून गेलं, आणि थांबायला त्याला जागाच नव्हती. नवी रेती आली नाही, झिऱ्यावर होती तीही त्या पाण्यानं ओढून नेली.

शिमगा झाला. बाया हळदीकुंकू घेऊन नदीत गेल्या. जिथं कोपरभर उकरायचं तिथं वीतभर गेल्यावर नखं दगडाला लागली. त्यांनी जागा बदलली. तिथेही दगड. खालच्या अंगाला उकरलं तर काळं, वास मारणारं पाणी. वरून पाझरून यायचं ते पाणीच राहिलं नव्हतं. खालच्या झिऱ्याला वरची रेती पाजत होती, हे त्या दिवशी गावाला कळलं. कळलं म्हणण्यापेक्षा आठवलं, आणि वाडवडिलांचा कायदा कशासाठी होता ते कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

वच्छलाबाई घरी आल्या. त्यांनी रिकामी घागर ओसरीत पालथी घातली आणि आत गेल्या. उकंडराव त्या पालथ्या घागरीकडे पाहत बसून राहिले.

आता गोडं पाणी टेकडीपलीकडे, शेजारच्या गावच्या रंगरावांच्या मळ्यात. रंगराव भला माणूस, पण त्याच्याही विहिरीला तळ होता. त्यानं सांगितलं की बायांनी यावं, आपल्या हातानं शेंदावं आणि डोक्यावर घागर न्यावी. गाडी आणि टाकी आणाल तर माझं गाव काय पिईल? यात बोलायला जागा नव्हती. बाया टेकडी चढून जाऊ लागल्या. रांग लागे, विहीर उपसली जाई, मग पाणी जमेपर्यंत बसून राहायचं. आईबरोबर पोरगी, कारण दोन डोक्यांवर दोन घागरी येतात.

शाळेत पोरींची जागा रिकामी होत गेली. आधी पाचवीतल्या, मग सहावीतल्या. शेषराव गुरुजी हजेरी घेताना पोरींची नावं पुकारत आणि थोडं थांबून पुढे जात. एकदा ते उकंडरावांकडे आले, ओसरीत बसले, पाणी विचारलं तर नको म्हणाले. उन्हाळ्यात त्या गावात कोणाच्या घरी पाणी मागणं त्यांना जड जात होतं. जाताना ते एवढंच म्हणाले की इमारत सुरेख झाली आहे, फक्त आत पोरी पाहिजेत.

कोकिळा मात्र जात राहिली. वच्छलाबाईंनी तिला पाण्याला लावलं नाही. पण त्या स्वतः जड पायांच्या होत्या. इतक्या वर्षांनी दिवस राहून टिकले होते, आणि सातवा सरला तरी त्या टेकडी चढत होत्या. उकंडरावांना ते पाहवेना. एक दिवस त्यांनी खांद्यावर कावड घेतली आणि सरळ रंगरावाच्या मळ्यात जाऊन रांगेत उभे राहिले.

ते आले तशी रांग मोडली. बायांनी पदर ओढून पाठी फिरवल्या, शेंदणारीनं दोर सोडून दिला, बादली धबकन खाली गेली. शेवटी खैरखेडीचीच एक म्हातारी, रुखमाबाई, कंबरेवर हात ठेवून पुढे आली.

"सरपंच, तुमी बाजूले व्हा बाप्पा. तुमी उभे असल्यावर ह्या सुना पदर सांभाळतीन का दोर ओढतीन?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं. रुखमाबाईनं त्यांच्या कावडीत आपली एक घागर ओतली आणि म्हणाली, जा, पुन्हा येऊ नका, तुमच्यापायी दोन घरं तहानलेली राह्यतीन. टेकडी उतरताना एका घागरीची ती कावड दोन भरल्या घागरींपेक्षा जड वाटत होती, असं ते नंतर सांगत. सांगताना हसत, पण ऐकणाऱ्याला हसू येत नसे.

आठव्यात वच्छलाबाई पायवाटेवर बसल्या त्या उठल्याच नाहीत. बायांनी धरून घरी आणलं. सुईण म्हणाली, आता पाय उचलायचा नाही, नाहीतर हेही जाईल. उकंडरावांची बहीण लांबच्या गावी दिलेली होती. तिला निरोप गेला, पण तिच्या गावीही पाण्याचे तेच हाल. ती आली नाही. शेजारणी एकेक घागर आणून देत, आणि देताना त्यांच्या घागरीतलं पाणी किती उरलं ते डोळ्यांत दिसे. मग कोकिळेनं दप्तर खुंटीला अडकवलं आणि चुंबळ डोक्यावर ठेवली. गुरुजी म्हणाले, पोर हुशार आहे, घरी वाचू दे, फायनलला बसवू. ती पायवाटेनं कविता पाठ करत जाई. विहिरीवरच्या बायांनाही तिच्या काही कविता पाठ झाल्या होत्या.

फायनलचं केंद्र अमडापूरला होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी वच्छलाबाई बाळंत झाल्या. मुलगा झाला. लहानसा, पण रडला जोरात. बाळंतिणीच्या घरी पाणी किती लागतं ते बायकांना सांगायला नको, आणि पुरुषांना सांगून कळत नाही. सकाळी गुरुजी गाडी घेऊन वेशीत थांबणार होते, सातवीची पोरं तिथे जमणार होती. कोकिळेनं न्हाऊन नवं परकर-पोलकं घातलं, दौत-टाक बांधून ठेवली, आणि उजाडायच्या आत घागर उचलली. "एक खेप करून येतो, बाबा," ती म्हणाली.

त्या दिवशी विहीर आधीच उपसलेली होती. रांग बसून होती. तिला सगळ्यांनी पुढे जागा दिली, पण पाण्याला कोण पुढे करणार? ते आपल्या चालीनं झिरपत राहिलं.

वेशीत गुरुजींनी वाट पाहिली. पोरं गाडीत चुळबुळ करू लागली. ऊन वर आलं तशी त्यांनी उकंडरावांकडे पाहिलं, उकंडरावांनी 'निघा' म्हणून मान हलवली, आणि गाडी गेली. मग उकंडरावांनी घाईघाईनं आपले बैल काढले, छकड्याला जुंपले आणि दारात उभे राहिले. कोकिळा टेकडी उतरून आली तेव्हा नव्या पोलक्याचे खांदे भिजून अंगाला चिकटले होते. तिनं घागर आत नेऊन ठेवली आणि बाहेर आली.

"बस," ते म्हणाले. "बैल पळवतो. अर्धा पेपर तं भेटन."

ती छकड्याच्या दांडीला हात लावून उभी राहिली. आत बाळ रडत होतं. तिनं एकदा आत पाहिलं, एकदा रस्त्याकडे.

"बाबा, हे पानी दुपारपर्यंत पुरन," ती म्हणाली. "मंग दुपारचं कोन आणीन?"

उकंडरावांनी हातातला कासरा खाली सोडला. कोकिळेनं ओसरीत ठेवलेली दौत-टाकाची पुरचुंडी उचलली, आत नेऊन खुंटीला अडकवली, आणि रिकामी घागर घेऊन परत टेकडीकडे निघाली. बैल जुंपलेलेच उभे राहिले. दुपारी पुंजाजी आले, त्यांनी काही न विचारता ते सोडले.

वैशाखात उकंडरावांनी एक काम केलं ज्याला गाव अजून हसतं. शाळेच्या बाजूला उरलेला रेतीचा ढीग त्यांनी गाडीत भरला आणि नदीत, वरच्या अंगाला, उघड्या खडकावर नेऊन ओतला. मग दुसरी गाडी, मग तिसरी. पोरं ओरडत मागे धावली, त्यांची घसरगुंडी चालली होती. पुंजाजी काठावर येऊन उभे राहिले.

"काऊन बे उकंडा, नदीले रेती वाढून राह्यला काय? भूक लागली म्हणते काय थे?"

"हाव," उकंडराव म्हणाले. "आपणच तं उपाशी ठेवली."

पुंजाजींनीही फावडं घेतलं. देवळाची आठवण आपण काढली होती हे त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. दोघांनी मिळून ढीग संपवला. खडकाचा पाटाएवढा तुकडा झाकला गेला, एवढंच. मृगानंतर जो पहिला लोंढा आला त्यानं ती रेती उचलून खाली नेली. उकंडराव काठावर भिजत उभे होते. रेती गेली ती त्यांनी पाहिली, आणि डोक्यावरचं घोंगडं सारखं करून घरी आले.

कोकिळेला पुढच्या साली परीक्षेला बसवू, असं ठरलं होतं. पण पुढच्या शिमग्यालाही टेकडी होतीच, आणि आता कडेवर भाऊ होता. मग स्थळ आलं, जानेफळकडच्या एका वस्तीवरचं. घर चांगलं, माणसं चांगली. उकंडरावांच्या मनात नाही म्हणायचं होतं. वच्छलाबाई म्हणाल्या, "तिथं विहीर वाड्यातच हाय म्हणते." त्यावर नाही म्हणणं त्यांना जमलं नाही.

त्यानंतर उकंडरावांना एक खोड लागली. आसपास कुठेही काही बांधायला निघालं, चावडी असो, दवाखाना असो, कोणाचं समाजमंदिर असो, ते तिथे जात. बोलावणं असो नसो. पायाभरणीचा नारळ फुटला, की ते उठून विचारत, दगड कुठचा, रेती कुठची, वीटभट्टीले लाकूड कुठचं, पानी कुठचं. आणि सगळ्यात शेवटी, "थे काढल्यावर तिथं काय राहीन?" लोक आधी हसले. मग त्यांना 'कुठचीवाले सरपंच' म्हणू लागले. त्यांना येताना पाहून पोरं लांबूनच ओरडत, "कुठची? कुठची?" पंचायत समितीच्या बैठकीत त्यांनी मांडलं की मंजुरीच्या आधी गावातल्या बायांना विचारावं, त्या जागेवरून तुम्ही काय आणता. सभा खूप हसली. तेच ओव्हरसियर साहेब आता मोठ्या हुद्द्यावर होते. ते हसले नाहीत. बैठकीनंतर बाहेर येऊन म्हणाले, सरपंच, इमारत पडेल का एवढं बघणं माझं काम, नदीचं खातं वेगळं आहे.

"खातं येगळं असन, साहेब," उकंडराव म्हणाले. "गाव तं एकच हाय."

"मी त्या दिवशी ग्लासात पाहिलं," साहेब म्हणाले. "नदीत पाहिलं नाही."

उकंडरावांच्या विचारण्यानं कुठे भलं झालं नाही असं नाही. एका गावानं चिंचांची राई वाचवली, भट्टीसाठी दुसरीकडचं जळण आणलं. पण एका गावी त्यांच्या प्रश्नांनी वाद पेटला. रेती इथली घ्यायची की तिथली, यात दोन तट पडले, मुदत टळली आणि मंजूर झालेली शाळा दुसऱ्या गावी गेली. तिथल्या बायांनी त्यांना बोटं मोडून शिव्या दिल्या. ते ऐकून घरी आले त्या दिवशी जेवले नाहीत. वच्छलाबाईंना म्हणाले, त्या गावच्या पोरी आता कोनाच्या नावानं घरी बसतीन? माझ्याच ना? विचारलं तरी चूक, नाही विचारलं तरी चूक, हे कोडं त्यांना शेवटपर्यंत सुटलं नाही. खोड मात्र सुटली नाही.

शाळा उभी होती. तिला तडा नव्हता. झेंडावंदनाला गावकरी त्यांना पुढे बोलवत. ते फाटकाबाहेर उभे राहून टोपी काढत आणि परत फिरत. कोणी विचारलं तर पाय दुखतात म्हणत.

मग किती तरी वर्षांनी एका साली नदी दुथडी भरून आली. उंबराच्या बुंध्याला लागली. ओसरली तेव्हा खडक दिसत नव्हता. पांढरी रेती आली होती, पूर्वीएवढी नाही, पण आली होती. त्या शिमग्याला रुखमाबाईच्या सुनेनं हळदीकुंकू वाहिलं, आणि ओल लागली. उकंडरावांनी त्या पाण्याची वाटी हातात धरली, पण प्यायले नाहीत. त्यांनी ती वच्छलाबाईंना दिली.

त्याच उन्हाळ्यात कोकिळा माहेरी आली. बरोबर तिची मुलगी, चौथी झालेली, परकराच्या ओच्यात गोष्टीचं पुस्तक घेऊन फिरणारी. कोकिळा तिला शाळा दाखवायला घेऊन गेली. उकंडराव त्यांच्यामागे गेले आणि त्या दिवशी प्रथमच फाटकाच्या आत आले. कोकिळेनं पडवीच्या भिंतीवर तळहात ठेवला. गिलाव्याचा एक पोपडा कोपऱ्यावर सुटला होता, तिथली रेती तिच्या बोटांना लागली. तिनं ती चिमटीत घेऊन पाहिली आणि झटकली.

उकंडरावांनी वर्षानुवर्षं मनात ठेवलेली गोष्ट तेव्हा बाहेर काढली. वस्तीवर शाळा चौथीपर्यंतच. पोरगी इथे ठेव, आम्ही दोघं आहोत, मामा आहे, सातवी इथे करेल, पुढे चिखलीला मी घालतो. ते भराभर बोलत होते, कोणी मध्येच थांबवील अशी भीती असल्यासारखे.

कोकिळा ऐकत होती. तिची नजर शाळेवरून, रस्त्यावरून, दूर टेकडीवरच्या पायवाटेपर्यंत गेली. पायवाट गवतानं बुजत चालली होती, पण दिसत होती.

"बाबा," ती म्हणाली, "उन्हाळ्यात पानी कुठचं?"

तिनं टोमणा मारला नव्हता. लेकरू कुठे ठेवायचं तर कोणतीही आई विचारील तसंच तिनं विचारलं होतं. हाच प्रश्न त्यांनी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या दारात जाऊन विचारला होता. तो त्यांच्या दारात कोणी विचारला नव्हता.

त्यांना खोटं सांगता आलं असतं. झिरा तर लागला होता.

"यंदा हाय," ते म्हणाले. "वैशाखापर्यंत पुरन. पुढच्या सालचं मले नाई सांगता येत. रेती पातळ हाय."

कोकिळेनं मान हलवली. मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "मंग नाई ठेवत. जानेफळची शाळा लांब पडते, पोरीले रोज चालावं लागन. पण तिथं पानी तुटत नाई."

"हाव," उकंडराव म्हणाले. "बरोबर हाय."

आणि ते बरोबरच होतं. दुसऱ्या कोणी आपल्या पोरीबद्दल त्यांचा सल्ला घेतला असता, तर त्यांनीही तेच सांगितलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी छकडा जुंपला आणि दोघींना रस्त्यापर्यंत सोडायला नेलं. एस.टी. यायला वेळ होता. नातीनं विचारलं, आजोबा, तुमच्या शाळेच्या भिंती एवढ्या गुळगुळीत कशा? त्यांनी सांगितलं, रेती चांगली होती. मग एस.टी. आली. ती दिसेनाशी होईपर्यंत ते उभे राहिले, आणि रिकामा छकडा घेऊन नदीच्या वाटेनं न जाता, लांबच्या वाटेनं घरी आले.